वनस्पतीच्या पेशीतील क्रियाशील ऑक्सिजन रेणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पतिशास्त्राचे आणि कृषी शाखेचे विद्यार्थी, तसेच फवारणीच्या बाटलीवर छापलेले शब्द समजून घेऊ पाहणारे शेतकरी, या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक ठिकाणी या रेणूंची ओळख ‘पेशीचे शत्रू’ अशी करून दिली जाते आणि तेथेच विषय संपवला जातो. माझ्या मते ही ओळख अपुरी आहे. रेणू पेशीच्या कोणत्या भागात तयार झाला आणि नष्ट होण्यापूर्वी कुठवर पोहोचला, हे कळल्याशिवाय तो घातक आहे की उपयोगी आहे हे ठरवताच येत नाही. म्हणून पुढील उत्तरांत जागा आणि अंतर या दोन गोष्टींवर भर दिला आहे.

क्रियाशील ऑक्सिजन रेणू म्हणजे नेमके काय?

हवेतील ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात आणि त्या दोघांची फिरकी एकाच दिशेची असते. या रचनेमुळे ऑक्सिजनला दुसऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉनांची तयार जोडी एकदम घेता येत नाही. त्याला एकेक इलेक्ट्रॉन घ्यावा लागतो. आपल्या अवतीभोवती एवढा ऑक्सिजन असूनही झाडे, कागद आणि आपण स्वतः आपोआप पेट घेत नाही, याचे कारण हीच अडचण आहे.

मात्र एकेक इलेक्ट्रॉन घेत पाण्यापर्यंत पोहोचायचे तर वाटेत तीन मुक्काम लागतात. पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की सुपरऑक्साइड तयार होतो. दुसरा इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळाले की हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. तिसरा मिळाला की त्या रेणूचे दोन तुकडे पडतात, त्यातला एक पाण्याच्या वाटेला लागतो आणि दुसरा हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला तुकडा, म्हणून मागे उरतो. चौथा इलेक्ट्रॉन मिळाल्यावर सर्व पाणी होते. याखेरीज सिंगलेट ऑक्सिजन नावाचा एक प्रकार आहे. त्यात बाहेरून इलेक्ट्रॉन येत नाही. केवळ ऊर्जा मिळाल्यामुळे एका इलेक्ट्रॉनाची फिरकी उलटते, वर सांगितलेली अडचण दूर होते आणि तोच ऑक्सिजन अतिशय आक्रमक बनतो.

या चौघांना सरसकट ‘फ्री रॅडिकल’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे. सुपरऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल हे मूलक आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सिंगलेट ऑक्सिजन मूलक नाहीत. पुढे सोयीसाठी या सर्वांना मिळून ‘क्रियाशील ऑक्सिजन’ म्हटले आहे.

हे रेणू किती काळ टिकतात?

हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य साधारण एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग असते, आणि तेवढ्या वेळात तो सुमारे एक नॅनोमीटर सरकतो. एखाद्या प्रथिनाच्या रेणूची रुंदीसुद्धा याहून जास्त असते. तो जेथे जन्मतो तेथेच शेजाऱ्यावर आदळून संपतो. सुपरऑक्साइड आणि सिंगलेट ऑक्सिजन पेशीत काही मायक्रोसेकंद टिकतात आणि त्यांचा पल्ला सुमारे तीस नॅनोमीटरचा धरला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र मिलिसेकंदापासून पुढे टिकतो आणि मायक्रोमीटरच्या मापाने अंतर कापू शकतो.

हे आकडे पेशीतील परिस्थितीनुसार बदलतात, पण त्यांतील प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पेशीच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप न्यायचा असेल, तर चौघांपैकी ते काम हायड्रोजन पेरॉक्साइडच करू शकतो. बाकीच्यांचा परिणाम जन्मस्थानी होतो. त्यांची वार्ता दूर जायची असेल तर ती त्यांनी मोडलेल्या किंवा बदललेल्या दुसऱ्या रेणूमार्फत जाते.

हरितलवकात ते कसे तयार होतात?

हरितलवकात दोन निरनिराळ्या जागी दोन निरनिराळे प्रकार तयार होतात. त्यांची गल्लत परीक्षेत नेहमी होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

प्रकाशसंश्लेषणात पाण्यापासून निघालेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रकाशप्रणालीतून पहिल्या प्रकाशप्रणालीकडे जातात (प्रकाशप्रणाली म्हणजे प्रकाश पकडणारा हरितद्रव्य आणि प्रथिनांचा संच) आणि शेवटी कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्यासाठी वापरले जातात. मे महिन्यातील दुपारचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ऊन कडक आहे, जमिनीत ओल नाही, झाडाने पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेतली आहेत. आत कार्बन डायऑक्साइड येत नाही, पण हरितद्रव्यावर पडणारा प्रकाश काही कमी झालेला नाही. अशा वेळी पहिल्या प्रकाशप्रणालीच्या टोकाशी इलेक्ट्रॉनांची कोंडी होते आणि शेजारून जाणारा ऑक्सिजन त्यांतला एक उचलतो. तो झाला सुपरऑक्साइड. हरितलवक अशा रीतीने ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतात हे ॲलन मेहलर यांनी १९५१ मध्ये दाखवले आणि त्यांच्या नावानेच ही अभिक्रिया ओळखली जाते.

तयार झालेला सुपरऑक्साइड तेथेच, पटलाला लगटून असलेल्या सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या विकराच्या हाती लागतो आणि त्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. या विकराचे कार्य जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये उलगडले, तेही गाईच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्रथिनावर. वनस्पतींतील त्याचा अभ्यास त्यानंतर वाढला. पुढे ॲस्कॉर्बेट, म्हणजे आपण ज्याला क जीवनसत्त्व म्हणतो तो पदार्थ, हायड्रोजन पेरॉक्साइडला इलेक्ट्रॉन देतो आणि पुन्हा पाणी तयार होते. खर्ची पडलेला ॲस्कॉर्बेट ग्लुटाथायोन या गंधकयुक्त रेणूच्या आणि प्रकाशातून मिळालेल्या इलेक्ट्रॉनांच्या मदतीने परत उभा केला जातो. क्रिस्टीन फॉयर आणि बॅरी हॅलिवेल यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या या चक्रावर जपानचे कोझी असादा यांनी आयुष्यभर काम केले. सुरुवातीला पाणी फोडून काढलेले इलेक्ट्रॉन अखेरीस पुन्हा पाण्यातच जमा होतात, म्हणून असादा यांनी या सगळ्या वाटेला ‘पाणी ते पाणी चक्र’ असे नाव दिले. मला हे नाव फार समर्पक वाटते, कारण त्यातून हेही कळते की ही वाट म्हणजे नुसती गळती नाही. जादा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा तो सांडवासुद्धा आहे.

सिंगलेट ऑक्सिजनची जागा वेगळी, ती दुसऱ्या प्रकाशप्रणालीत. तेथे प्रकाशाने उत्तेजित झालेल्या हरितद्रव्याला आपली ऊर्जा वेळेत पुढे देता आली नाही, तर ते ट्रिपलेट नावाच्या अधिक काळ टिकणाऱ्या अवस्थेत जाते आणि जवळच्या ऑक्सिजनला ऊर्जा देऊन टाकते. शेजारीच असलेले बीटा-कॅरोटीन आणि पटलातील टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, हे सिंगलेट ऑक्सिजनला शांत करतात. जो त्यांच्या तावडीतून सुटतो तो प्रामुख्याने त्याच प्रकाशप्रणालीतील डी-१ या प्रथिनाची मोडतोड करतो. उन्हात हे प्रथिन सतत मोडते आणि सतत नव्याने बसवले जाते. दुरुस्तीचा वेग मोडतोडीच्या मागे पडला की प्रकाशसंश्लेषणच मंदावते.

तणनाशकांचा या सगळ्याशी काय संबंध आहे?

थेट संबंध आहे, आणि वरील दोन जागा समजून घ्यायला तणनाशकांइतके चांगले उदाहरण नाही. पॅराक्वाट पहिल्या प्रकाशप्रणालीकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेते आणि लगेच ऑक्सिजनला देते. देऊन मोकळे झालेले पॅराक्वाट पुन्हा नवा इलेक्ट्रॉन घेते. अशा फेऱ्यांतून सुपरऑक्साइडचा लोट तयार होतो आणि संरक्षण करणारे विकर त्यापुढे तोकडे पडतात. सकाळी उन्हात फवारलेले तण संध्याकाळपर्यंत करपलेले दिसते ते यामुळे; सावलीत किंवा अंधारात हाच परिणाम सावकाश होतो, कारण इलेक्ट्रॉन पुरवणारा प्रकाशच नसतो. इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याची हीच फेरी माणसाच्या फुप्फुसातही चालते आणि पॅराक्वाटच्या विषबाधेवर खात्रीचा उतारा नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

मका आणि उसात वापरले जाणारे ॲट्राझिन वेगळ्या ठिकाणी बसते. ते दुसऱ्या प्रकाशप्रणालीत, त्याच डी-१ प्रथिनावर, इलेक्ट्रॉनांची पुढची वाट अडवते. वाट अडल्यामुळे ट्रिपलेट हरितद्रव्य आणि त्यातून सिंगलेट ऑक्सिजन वाढतो. तणाची पाने पिवळी पडून वाळतात ती उपासमारीपेक्षा अधिक या ऑक्सिजनमुळे. मका आणि ऊस ॲट्राझिन पचवू शकतात, कारण त्यांच्या पेशी त्याचे रूपांतर निरुपद्रवी पदार्थांत करतात.

पेरॉक्सिसोमचे काम काय असते?

उन्हाळी हवेत, भात, गहू, सोयाबीन, तूर, कापूस यांसारख्या पिकांच्या पानांत हायड्रोजन पेरॉक्साइडचा सर्वांत मोठा स्रोत हरितलवक नसून पेरॉक्सिसोम हे पेशीतील छोट्या पिशवीसारखे अंगक असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. कारण प्रकाशश्वसनात आहे. कार्बन डायऑक्साइड पकडणारा रुबिस्को हा विकर अधूनमधून चुकून ऑक्सिजन पकडतो; साधारण तापमानाला तीन-चार वेळा कार्बन डायऑक्साइड पकडताना एकदा, आणि उष्णता वाढली की त्याहून अधिक वेळा. या चुकीतून निर्माण झालेले ग्लायकोलेट पेरॉक्सिसोममध्ये पाठवले जाते. तेथे त्याचे ऑक्सिडीकरण होताना प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू तयार होतो.

त्याचा बंदोबस्त कॅटलेज करतो. हा विकर अतिशय वेगवान आहे, पण हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण अगदी थोडे असेल तर त्याची पकड सैल पडते. मोठा साठा रिकामा करणे हे त्याचे काम आहे, शेवटचा थेंब पुसणे हे ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजचे, म्हणजे ॲस्कॉर्बेटचे इलेक्ट्रॉन हायड्रोजन पेरॉक्साइडला देणाऱ्या विकराचे. कॅटलेज कमी असलेल्या सातूच्या वाणावरील एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगतो. भरपूर कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत हे झाड निरोगी वाढते, कारण रुबिस्कोच्या चुका तेथे जवळजवळ थांबतात. तेच झाड साध्या हवेत आणून उन्हात ठेवले की पानांवर डाग पडून ती मरू लागतात. वाण तोच आणि प्रकाशही तोच. फरक पडला तो पेरॉक्सिसोममध्ये तयार होणाऱ्या पेरॉक्साइडच्या प्रमाणात.

ज्वारी, मका, ऊस यांच्या पानांची रचना अशी असते की रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड दाटलेला राहतो, त्यामुळे त्यांच्यात प्रकाशश्वसन आणि त्यातून येणारा पेरॉक्साइड पुष्कळच कमी असतो.

बियांमध्येही पेरॉक्सिसोमचा एक खास प्रकार आढळतो. मोड येणाऱ्या शेंगदाण्यात किंवा एरंडाच्या बीत तेलाचे रूपांतर साखरेत होताना मेदाम्ले मोडली जातात आणि त्या प्रत्येक फेरीत हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतो. ही अंगके प्रथम ओळखली गेली ती रुजणाऱ्या एरंडाच्या बियांतच, १९६७ मध्ये.

आणि तंतुकणिका?

प्राण्यांच्या पेशीत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया), म्हणजे श्वसन चालवणारे अंगक, हा मुख्य स्रोत मानला जातो, परंतु उजेडातील हिरव्या पानात तिचा वाटा तुलनेने लहान असतो. मुळांत आणि अंधारात तो महत्त्वाचा ठरतो. श्वसनसाखळीतील पहिल्या आणि तिसऱ्या संकुलातून इलेक्ट्रॉन गळतात व सुपरऑक्साइड तयार होतो. वनस्पतींकडे येथे पर्यायी ऑक्सिडेज नावाची एक आडवाट आहे. साखळी तुंबली की इलेक्ट्रॉन या वाटेने सरळ पाण्यापर्यंत नेले जातात आणि गळती आटोक्यात राहते.

पेशी हे रेणू मुद्दाम तयार करते हे खरे आहे का?

होय. आतापर्यंत सांगितलेले स्रोत इतर कामांच्या ओघात तयार होणाऱ्या रेणूंचे होते. पण पेशीच्या बाह्य पटलात असे एक यंत्र आहे की ज्याचे काम सुपरऑक्साइड बनवणे हेच आहे. त्याला एनएडीपीएच ऑक्सिडेज म्हणतात आणि वनस्पतींतील त्याच्या जनुककुळाला ‘आरबोह’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशी जंतू मारण्यासाठी जे यंत्र वापरतात त्याचे हे नातलग आहे. वनस्पतींतील या कुळाचे पहिले जनुक १९९६ मध्ये भातातून मिळाले. संशोधनासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या रोपात अशी दहा जनुके आहेत.

हे प्रथिन पटलाच्या आरपार बसलेले असते. आतल्या बाजूने ते एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेते, दोन हीम गटांच्या पायऱ्यांवरून ते पटलापलीकडे पोहोचवते आणि बाहेर, पेशीभित्तिकेच्या ओलसर जागेत, ऑक्सिजनला देते. म्हणजे इंधन आतले आणि उत्पादन बाहेरचे. त्याच्या आतील टोकावर कॅल्शियम बसण्याच्या जागा असतात. कॅल्शियम वाढले आणि ठरावीक ठिकाणी फॉस्फेट जोडले गेले की यंत्र सुरू होते.

जंतूची चाहूल लागताच हे यंत्र एकदम भरपूर सुपरऑक्साइड सोडते. हा स्फोट प्रथम बटाट्यावर दिसला. उशिरा येणाऱ्या करप्याच्या रोगकारकाची लागण झाल्यावर बटाट्याच्या कंदाच्या पेशी सुपरऑक्साइड सोडतात, हे जपानचे नोरियुकी डोके यांनी १९८३ मध्ये दाखवले. जिवाणूच्या शेपटीतील प्रथिनाचा केवळ बावीस अमिनो आम्लांचा तुकडा पानाच्या चकतीवर टाकला, तरी काही मिनिटांत हा स्फोट मोजता येतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

यावरून ‘जास्त क्रियाशील ऑक्सिजन म्हणजे चांगली रोगप्रतिकारशक्ती’ असा निष्कर्ष काढू नये. जिवंत पेशीवर जगणाऱ्या रोगकारकाभोवतीची पेशी मेली तर तो उपाशी राहतो. पण राखाडी बुरशीसारखा मेलेल्या पेशींवर वाढणारा रोगकारक असेल, तर तीच मरणारी पेशी त्याला आयते अन्न पुरवते.

हायड्रोजन पेरॉक्साइड पटल कसे ओलांडतो?

बरीच वर्षे असे समजले जात होते की हा छोटा, विद्युतभार नसलेला रेणू पटलातून सहज पाझरतो. थोडा पाझरतो हे खरे आहे, पण विद्युतध्रुवांच्या आणि आकाराच्या दृष्टीने तो पाण्याच्या रेणूच्या इतका जवळचा आहे की पाण्यासाठीचे दरवाजे, म्हणजे ॲक्वापोरिन, त्यालाही वाट देतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अरॅबिडोप्सिसच्या रिक्तिकेतील एक ॲक्वापोरिन यीस्टच्या पेशीत बसवले गेले. त्या यीस्टला बाहेरून दिलेला हायड्रोजन पेरॉक्साइड साध्या यीस्टपेक्षा अधिक बाधला, कारण आता त्याला आत शिरायला दार मिळाले होते. पर्णरंध्राच्या रक्षकपेशींतही बाह्य पटलावरच्या अशाच एका ॲक्वापोरिनची गरज असल्याचे पुढे दिसून आले.

याचा अर्थ असा की पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या येण्याजाण्यावर नियंत्रण ठेवू शकते. ॲक्वापोरिन उघडतात, मिटतात, पटलावरून काढून घेतले जातात. सुपरऑक्साइडला ही सोय नाही. त्याच्यावर ऋण भार असल्याने पटल त्याला अडवते. बाहेर तयार झालेला सुपरऑक्साइड बहुतांशी तेथेच हायड्रोजन पेरॉक्साइड होतो आणि मग आत येतो.

हरितलवकातील पेरॉक्साइड केंद्रकापर्यंत पोहोचतो का? मध्ये एवढे विकर असताना तो वाचतो कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला विषय समजला आहे असे मी मानतो, कारण अडचण अगदी खरी आहे. पेशीद्रवात ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज भरलेला असताना हरितलवकातून निघालेला रेणू केंद्रकापर्यंत सुखरूप जाणे अवघड दिसते.

त्याचे उत्तर जवळिकीत सापडले. पानाच्या पेशीत काही हरितलवके केंद्रकाला अक्षरशः चिकटून असतात. २०१७ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी तंबाखूच्या जवळच्या एका जातीच्या पानांत, हायड्रोजन पेरॉक्साइड लागताच चमक बदलणारे ‘हायपर’ नावाचे प्रथिन निरनिराळ्या भागांत ठेवले आणि पानावर प्रखर प्रकाश सोडला. केंद्रकातला पेरॉक्साइड वाढला. हरितलवकाच्या आत पेरॉक्साइड नष्ट करणारा विकर वाढवला तेव्हा केंद्रकातली वाढ घटली. मात्र तसाच विकर पेशीद्रवात वाढवला तेव्हा फारसा फरक पडला नाही. म्हणजे पेरॉक्साइड पेशीद्रव ओलांडून लांबचा प्रवास करत नव्हता. शेजारच्या हरितलवकातून तो जवळजवळ सरळ केंद्रकात उतरत होता. याखेरीज हरितलवकातून स्ट्रोम्यूल नावाच्या बारीक नळ्या निघतात आणि रोगाच्या वेळी त्या केंद्रकाभोवती दिसतात.

एका पानाला इजा झाली तर दुसऱ्या पानाला ती कशी कळते?

येथे रेणू स्वतः प्रवास करत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील रॉन मिटलर यांच्या गटाने दाखवले की अरॅबिडोप्सिसच्या एका पानाला जखम केली, उष्णता दिली किंवा प्रखर प्रकाश दिला, तर मिनिटाला सुमारे ८.४ सेंटिमीटर वेगाने एक लाट रोपभर पसरते. एवढे अंतर एकच रेणू कापूच शकत नाही. डोंगरउतारावरच्या शेतातून एकाने हाळी दिली की पुढच्या शेतातला माणूस ती ऐकून स्वतःच्या आवाजात पुढे देतो, तसे येथे घडते. एका पेशीने बाहेर सोडलेला पेरॉक्साइड शेजारच्या पेशीला लागतो, तिच्यात कॅल्शियम वाढते, कॅल्शियमने तिचे एनएडीपीएच ऑक्सिडेज सुरू होते आणि ती आपला नवा पेरॉक्साइड बाहेर सोडते. ‘आरबोह’ कुळातील ‘डी’ हे एक जनुक निकामी केलेल्या रोपात ही लाट पुढे सरकत नाही.

ही हाळी ऐकणारा कान कोणता, याचे एक उत्तर २०२० मध्ये मिळाले. एचपीसीए-१ या प्रथिनाचा एक भाग पेशीबाहेर डोकावतो आणि त्यावर सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्या असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांचे ऑक्सिडीकरण करतो आणि त्यामुळे कॅल्शियमची दारे उघडतात. पेशीच्या आतही हीच युक्ती वापरली जाते : सिस्टीनवरील गंधक-हायड्रोजनचा गट पेरॉक्साइडने बदलतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि काम झाल्यावर थायोरेडॉक्सिन तो पूर्ववत करतो. कित्येकदा पेरॉक्सिरेडॉक्सिन हा विकर आधी स्वतः बदलतो आणि मग तो बदल पुढच्या प्रथिनाला देतो.

वाढीसाठी या रेणूंची गरज असते का?

असते. अरॅबिडोप्सिसमध्ये ‘आरबोह’ कुळातील ‘सी’ जनुक बिघडले तर मूलरोम उगवायला सुरुवात होते, पण ते लांब होत नाहीत, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. मुळाच्या आतील कॅस्पेरियन पट्टीत, म्हणजे पेशीभित्तिकांतून होणारी गळती रोखणाऱ्या पट्टीत, लिग्निन हा लाकडातील कठीण पदार्थ नेमक्या रेषेत बसवण्यासाठीही त्याच जागी पेरॉक्साइड तयार व्हावा लागतो. पाण्याचा ताण पडल्यावर ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या इशाऱ्याने पर्णरंध्रे मिटतात, त्या साखळीतही रक्षकपेशीतील पेरॉक्साइड ही एक कडी आहे.

द्राक्षाच्या काडीवर लावले जाणारे हायड्रोजन सायनामाइड याच मार्गाने काम करते का?

नाशिक, सांगली, सोलापूर भागातील बागायतदार ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात आणि डोळे एकसारखे फुटतात, हे सर्वांना माहीत आहे. त्यामागचे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण असे आहे की हे रसायन डोळ्यातील कॅटलेजला निष्प्रभ करते. त्यामुळे तेथे हायड्रोजन पेरॉक्साइड साचतो, श्वसनाची घडी काही काळ विस्कटते आणि हा धक्काच फुटीचा इशारा ठरतो. म्हणजे एरवी ज्याला नुकसान म्हटले जाते तेच येथे मोजून मापून घडवले जाते. मात्रा जास्त झाली की डोळे जळतात, कारण इशारा आणि इजा यांत फरक केवळ प्रमाणाचा असतो. पेस्टिंग करणाऱ्याने हातमोजे वापरावेत आणि त्या दिवसांत मद्य घेऊ नये. हे रसायन शरीरातील मद्याचे पचन अडवते आणि त्यातून गंभीर त्रास होतो.

पिकावर ‘अँटिऑक्सिडंट’ फवारून फायदा होतो का?

सरसकट होतो असे म्हणता येणार नाही. फवारलेला ॲस्कॉर्बेट हरितलवकाच्या आत, जेथे खरी गरज आहे तेथे, कितपत पोहोचतो हा पहिला प्रश्न आहे. दुसरी गोष्ट अशी की मोकळे लोह शेजारी असेल तर ॲस्कॉर्बेट त्याला पुन्हा पुन्हा फेरस रूपात आणतो आणि फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. ही हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवलेली अभिक्रिया आहे आणि हायड्रॉक्सिल मूलकाला निवारणारा कोणताही विकर पेशीकडे नाही.

त्यापेक्षा जस्त, मँगनीज, तांबे आणि लोह यांची कमतरता माती परीक्षण करून भरून काढणे मला अधिक सयुक्तिक वाटते. सुपरऑक्साइड डिसम्यूटेजचे निरनिराळे प्रकार याच धातूंवर चालतात. जस्ताची उणीव असलेल्या रोपाची पाने कडक उन्हात अधिक लवकर पांढुरकी पडतात आणि अर्धी झाकलेली पाने झाकलेल्या भागात हिरवी राहतात.

चिरलेले वांगे काळे पडते ते यामुळेच का?

मुख्यत्वे नाही. ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराचे काम आहे. तो हवेतील साधा ऑक्सिजन वापरून फिनॉल गटातील पदार्थांचे ऑक्सिडीकरण करतो.

हे रेणू पानात दिसतात कसे?

सर्वांत सोपी पद्धत डायअमिनोबेन्झिडिनची, म्हणजे डॅबची. पान या द्रावणात ठेवले की पेरॉक्सिडेज विकराच्या मदतीने जेथे हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तेथे तपकिरी रंग बसतो. नंतर पान अल्कोहोलमध्ये उकळून हिरवा रंग काढून टाकतात. सुपरऑक्साइडसाठी नायट्रोब्लू टेट्राझोलियम वापरतात, त्याचा निळा रंग येतो. या पद्धतींत पान मरते, आणि मिळते ते एका क्षणाचे चित्र. विद्यार्थिदशेत मी रोगट आणि निरोगी पानांची अशी तुलना करत असताना निरोगी पानाच्या कडेला तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा उमटल्या. दोन दिवस मी त्यांचा अर्थ लावत बसलो, आणि मग लक्षात आले की पान तोडताना मी ते चिमट्यात जेथे घट्ट धरले होते नेमक्या त्याच त्या जागा होत्या. इजेला पेशीने दिलेले ते उत्तर होते. तेव्हापासून मी देठाला धरूनच पान उचलतो.

जिवंत पेशीत बदल पाहायचा असेल तर हायपरसारखी चमकणारी प्रथिने वापरतात. हायपर आम्लतेतील बदलालाही प्रतिसाद देते, त्यामुळे त्याच्या जोडीला नियंत्रक प्रथिन ठेवावेच लागते. ‘आरओजीएफपी-२-ऑर्प-१’ या नव्या प्रथिनात ही अडचण कमी आहे.

शाळेत दाखवता येईल असे काही आहे का?

आहे. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारे पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. बटाट्याची ताजी फोड बशीत ठेवून तिच्यावर चार थेंब टाका. लगेच पांढरा फेस वर येईल. तो ऑक्सिजनचा आहे आणि तो कॅटलेजने मोकळा केला आहे. अरुंद पेल्यात बटाट्याचे बारीक तुकडे टाकून वरून थोडे द्रावण ओतले आणि फेसाच्या वर निखारा धरलेली उदबत्ती नेली, तर निखारा भडकतो. दुसरी फोड उकडून गार करून घ्या. तिच्यावर फेस येणार नाही, कारण उष्णतेने विकर मोडला आहे. तिसरा थेंब न सोललेल्या, न खरवडलेल्या सालीवर टाका. तेथेही फेस जवळजवळ येत नाही. बटाटा तोच आहे आणि त्याच्या आत कॅटलेजही शाबूत आहे, पण सालीच्या बुचासारख्या थरामुळे पेरॉक्साइड त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. मुलांना हा तिसरा थेंब आधी टाकू द्यावा आणि मग त्याच जागी सुरीने चरा पाडायला सांगावे.